बॅनरवरचे हात

आधीच सांगतो, हे खरं आहे. पटत नसेल त्यांनी या ग्रुपवर खाली जावं. चिंचेच्या झाडाच्या आणि पांढऱ्या साडीच्या शंभर गोष्टी पडल्यात तिथे, त्या वाचा आणि मजेत घाबरा. मला कोणाला घाबरवायची हौस नाही. तुमच्या लाइकचीही नाही.

माझं नाव मुश्ताक. खांदा कॉलनीत माझं दुकान आहे, 'यूम्ना ग्राफिक्स'. यूम्ना माझी मुलगी. आत्ता मी बोलतोय आणि ती टाइप करतेय, कारण आज शनिवार आहे. शनिवारी संध्याकाळी माझ्या हातांचा भरवसा नसतो.

का, तेच सांगायला बसलोय.

तारीख १९ नोव्हेंबर २०११. वार शनिवार. जागा, नवीन पनवेलहून नेऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं एक लग्नाचं लॉन.

त्या वर्षांत पनवेलमध्ये नाइटलाइफ नावाचं खूळ आलं होतं. मुंबईत दोनदा जाऊन आलेली पोरं इथे पार्ट्या भरवायची. आणि आमच्याकडची नाइट केवढी? साडेसात ते दहा. दहाला स्पीकर बंद, मग सगळे डीजे आणि सगळे पार्टीबहाद्दर आईचा फोन उचलत घरी वरणभात जेवायला.

या खुळाचा बादशहा म्हणजे शिवा. उलव्याकडचा. बापाच्या जमिनीवर सेक्टर उभे राहिले आणि हा स्वतःला 'इव्हेंट क्युरेटर' म्हणवून घ्यायला लागला. क्युरेटर म्हणजे काय, ते त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. रात्री काळा चष्मा घालायचा आणि खुर्च्यांना अडखळायचा. पार्टीचं नाव ठेवलं होतं 'मिडनाइट मॅडनेस'. दहाला संपणारी मिडनाइट.

मी या मंडळींचे बॅनर करायचो, पास छापायचो, आणि पार्टीच्या दिवशी लॅपटॉप घेऊन पडद्यावर चित्रं फिरवायचो. त्यांना मनातून शिव्या घालायचो आणि काम करायचो. मी त्यांच्यापेक्षा शहाणा आहे, असं मला वाटायचं.

शिवाच्या आधीच्या पार्टीला पंचेचाळीस माणसं आली होती. त्यातली नऊ केटररची. फोटोत माणसांपेक्षा गवतच जास्त. आणि शिवाला नव्या बॅनरवर हाउसफुल गर्दी हवी होती.

अशी गर्दी आम्ही बनवतो. सगळेच डिझायनर बनवतात, कबूल कोणी करत नाही. माझ्या कॉम्प्युटरवर एक फोल्डर होता, नाव 'माणसं'. सात वर्षांत ज्यांचे ज्यांचे बॅनर केले, त्यांचे साफ कापून ठेवलेले फोटो त्यात. वाढदिवसवाले, कामोठ्याच्या क्लासमधले टॉपर, निवडणुकीत पडलेले. त्यांना अंधारात ढकलायचं, वरून निळाजांभळा उजेड मारायचा, झाली गर्दी.

पण पुढच्या रांगेत एक तरी चेहरा स्पष्ट लागतो. आणि स्पष्ट चेहऱ्याचा माणूस दुसऱ्या दिवशी दुकानात येऊन भांडतो. न विचारता माझा फोटो लावलाच कसा, सासऱ्यांनी बघितला ना, वगैरे.

म्हणून मी असा चेहरा घेतला, जो भांडायला येणार नव्हता.

फाइलचं नाव होतं 'हरेश फायनल २'. चार महिन्यांपूर्वी मी त्याचा 'भावपूर्ण श्रद्धांजली'चा बॅनर केला होता. चोवीस वर्षांचा पोरगा, बाइकवरून पडून गेला. फोटोत मोकळं हसत होता. त्याचे केस मी दोन तास बसून एकेक करून कापले होते. एवढी मेहनत वाया का घालवायची?

नजरचुकीने झालं असं मी म्हणणार नाही. तो मेलाय हे मला माहीत होतं. म्हणूनच घेतला.

अडचण एकच. फोटो छातीपर्यंतचा होता. नाचणारा माणूस हात वर करून उभा दिसायला हवा. मग मी कॅमेऱ्याला टायमर लावला, दुकानात ट्यूबलाइटखाली उभा राहिलो, दोन्ही हात वर केले, आणि माझेच हात कापून हरेशला जोडले.

माझ्या डाव्या हाताच्या करंगळीशेजारच्या बोटाला टोक नाही. प्रेसमध्ये नोकरीला होतो तेव्हा कटिंग मशीनखाली गेलं. ते दुरुस्त करायचाही मला कंटाळा आला. नाक्यावर उभं राहून बोटं कोण मोजतंय?

बॅनर लागले. खांदा कॉलनीत, कामोठ्यात, उलव्याच्या नाक्यावर.

बुधवारी दुपारी दुकानात एक बाई आली. पन्नाशीची, लुगडं नेसलेली, चालून चालून दमलेली. श्रद्धांजलीचा फोटो तेव्हा तिची जाऊ हौसा घेऊन आली होती, म्हणून मी हिला कधी पाहिलं नव्हतं. तिने आपलं नाव सांगितलं. रंभा. मग म्हणाली, बॅनरवर पुढे हसतोय तो माझा मुलगा.

मी भांडणाची तयारी केली. प्रिंटरवर ढकलायचं, हे मनात ठरवूनही टाकलं.

पण ती भांडायला आली नव्हती.

"तो तितं येनार हाय ना?" तिने विचारलं.

मला आधी काही समजलंच नाही. मग तिने सांगितलं. तो गेला त्या संध्याकाळी तिने जवळा केला होता, सोबत तांदळाची भाकरी. ताटावर बसल्यावर ती त्याला त्याच्या भटकण्यावरून बोलली. तो चिडला, ताट सरकवलं आणि बाइक काढली. एक घासही त्याच्या पोटात गेला नाही. चार महिने झाले, तिच्या घशाखाली अन्न उतरत नव्हतं. तिला त्याला एकदा जेवू घालायचं होतं. बाकी तिचं काही म्हणणं नव्हतं.

शिवा मागे सोफ्यावर बसला होता. तोंडात मूठ घालून हसू दाबत होता.

आणि मी? तीन वाढदिवस अडकले होते, प्रिंटरवाला फोनवर फोन करत होता. ही बाई कधी जाते असं मला झालं होतं. मी डब्यातून एक पास काढला, तिच्या हातात ठेवला आणि म्हणालो, "हो मावशी, येणार तो. शनिवारी साडेसातला या."

ती गेली. शिवा हसता हसता खोकायला लागला.

मीही हसलो. यूम्ना, हे पण लिही. मीही हसलो होतो.

शनिवार उजाडला. लॉनवर आदल्या दिवशी लग्न झालं होतं. नवरानवरीच्या खुर्च्यांवर काळं कापड टाकून त्यावर डीजे बसवला होता. 'शुभविवाह'ची थर्माकोलची पाटी गेटच्या मागे उलटी करून ठेवली होती. साठेक पोरं आली, अंगावर सेंटचा घमघमाट, सगळी एकमेकांचे बूट बघत उभी. शिवा माइकवर ओरडत होता, पनवेल, आर यू रेडी. पनवेल वेफर्स खात होतं.

आठच्या सुमारास गेटवर गडबड झाली. रंभा आली होती. तेच लुगडं, पण धुतलेलं. हातात कापडी पिशवी, त्यात स्टीलचा डबा. तिने पास दाखवला. गेटवरच्या दांडग्यांना काय करावं सुचेना, त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. येऊ दे, थोड्या वेळाने कंटाळून जाईल.

ती कोणाकडे न बघता कोपऱ्यात गेली, स्वयंपाकघराच्या भिंतीशी. तिथे उजेड कमी होता. तिने एक प्लास्टिकची खुर्ची घेतली. मग दुसरी ओढून समोर ठेवली. आणि बसून राहिली.

पोरं तिच्याकडे बघून हसली. शिवाने माइकवर काहीतरी विनोदही केला. ती पिशवी मांडीवर धरून गेटकडे बघत होती.

मी पडद्यावर बॅनरचंच चित्र फिरवत होतो. तीच खोटी गर्दी, पुढे हरेश.

पावणेनऊ झाले.

मी सहज पडद्याकडे पाहिलं... आणि पुढच्या रांगेत जागा रिकामी होती.

हरेश नव्हता. त्याच्या मागचे लोक दिसत होते. कामोठ्याचा टॉपर, वाढदिवसवाला. मधे एका माणसाएवढी जागा.

मला वाटलं फाइल बिघडली. माउस धरायला गेलो... आणि माउस हाताला लागला नाही.

म्हणजे हात माउसवर होता. मला दिसत होता. पण जाणवत नव्हता. दोन्ही हात मनगटापासून पुढे गार. बोटं हलवायचा प्रयत्न केला, हलली नाहीत. मी हात टेबलावर आपटला, आवाज झाला. दुखलं नाही.

डीजेचा दणदणाट चालू होता. माझ्या कानात मात्र एक वेगळाच आवाज यायला लागला. बारीक...

स्टीलच्या डब्याचं झाकण उघडल्याचा.

पन्नास फुटांवरून, त्या गोंगाटात, तो आवाज मला ऐकू येणं शक्य नव्हतं.

मी कोपऱ्याकडे पाहिलं.

रंभा पुढे वाकली होती. भाकरी मोडत होती. मोडून समोर धरत होती. समोरची खुर्ची रिकामी होती. मी डोळे ताणून पाहिलं, रिकामीच होती. पण ती खुर्चीकडे बघत नव्हती. समोर बसलेल्या माणसाचं तोंड जिथे असेल, बरोबर तिथे बघत होती. आणि हसत होती.

खुर्चीचे चारही पाय गवतात रुतले होते. तिच्या खुर्चीचेही तेवढे रुतले नव्हते.

मग माझ्या गार पडलेल्या उजव्या तळव्यावर काहीतरी आलं... गरम. खरखरीत. भाकरीचा तुकडा.

माझा हात टेबलावर पडला होता. त्यात काही नव्हतं.

पुन्हा आलं. पुन्हा. मी मोजत नव्हतो. मग बराच वेळ काहीच नाही. आणि मग कोणीतरी माझा डावा हात हातात घेतला. कष्टाचा, राठ हात. बायकी. तो माझी बोटं एकेक करून चाचपत गेला... आणि त्या तुटक्या बोटाशी थांबला.

परत आला. पुन्हा चाचपलं.

मग सोडून दिलं.

दहाला पोलिसांची गाडी आली, स्पीकर बंद झाले, पोरं पांगली. माझ्या हातांत जीव आला होता. मी लॅपटॉप बंद केला. गेटवर रंभा उभी होती. माझीच वाट बघत.

"आला व्हता. पोटभर जेवला," ती म्हणाली.

मी लॅपटॉपची बॅग खांद्याला लावली.

"पन भाई... हात त्याचे नव्हते."

तिने माझा डावा हात उचलला, गेटच्या दिव्याखाली धरला आणि ते बोट पाहिलं. मला वाटलं आता ही ओरडेल, शाप देईल. तिने हात हळूच खाली सोडला.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "जेवला ना. हात जपा तुमी."

मग तिने नाक्यावरचा बॅनर मागितला. मी स्वतः शिडी लावून काढला, गुंडाळून तिला दिला. त्याच रात्री. उद्यावर टाकायची माझी हिंमत नव्हती.

घरी पोचलो. माझी बायको अल्फिया दार उघडून थांबली. कुठे जेवलात, म्हणाली. मी दुपारपासून काही खाल्लं नव्हतं. तिने माझा हात नाकाशी नेला. जवळ्याचा वास. नखांत तांदळाचं पीठ.

दुसऱ्या दिवशी दुकानात फाइल उघडली. हरेश जागेवर होता, तसाच हसत होता.

हात मात्र खाली आले होते. पुढे धरलेले. ओंजळ करून.

शिवाने ते चित्र पाहिलं आणि म्हणाला, भाई, पोझ कशाला बदलली, आधीची भारी होती. त्या दिवशी मी त्याला दुकानातून बाहेर काढलं आणि पार्ट्यांचं काम बंद केलं. ही नाइटलाइफ दोन वर्षांत आपोआप मेली, तिला श्रद्धांजलीही कोणी वाहिली नाही.

पण माझं तिथे संपलं नाही.

पुढच्या शनिवारी, पावणेनऊला, हात पुन्हा गार पडले. मग त्यांवर गरम घास आले. मग कोणीतरी ते हातात धरले, मिनिटभर, आणि सोडले. नंतर हौसाकडून कळलं. रंभाने बॅनर घरात भिंतीला लावला होता. दर शनिवारी त्याच्यासमोर ताट वाढायची.

सात वर्षं. एकही शनिवार चुकला नाही. विमानतळासाठी गाव उठलं, ती नव्या घरी गेली, बॅनर सोबत गेला. तिच्याकडे काय शिजलं ते मला घरबसल्या कळायचं. कधी वाल, कधी खाडीतल्या निवट्या, दिवाळीत करंजी. अल्फियाने विचारायचं सोडलं. शनिवारी ती मला उशिरा जेवायला वाढायची, हात सुटल्यावर. डॉक्टरला दाखवलं, त्याने मानेचा पट्टा दिला. एका मौलानाने ताईत दिला. तेही आपापल्या धंद्याला जागले.

खरं सांगू का? मला सवय झाली होती. जगात कोणीतरी दर आठवड्याला माझे हात इतक्या मायेने धरत होतं, आणि ते माझ्यासाठी नव्हतं, हे मला माहीत होतं. तरी मी शनिवारची वाट बघायला लागलो होतो. लाज वाटते सांगायला.

मग गेल्या नोव्हेंबरातला एक शनिवार. पावणेनऊला हात गार पडले...

घास आला नाही.

नऊ झाले. दहा झाले. कोणी हात धरले नाहीत. बारापर्यंत मी तसाच बसलो होतो, दोन्ही हात मांडीवर ठेवून.

रविवारी सकाळी हौसा दुकानात आली. हातात रंभाचा फोटो. भावपूर्ण श्रद्धांजलीचा बॅनर करायचा होता.

तेव्हापासून दर शनिवारी असंच. हात गार पडतात आणि गारच राहतात. मध्यरात्री सुटतात. आणि गेले काही आठवडे ते आपोआप जवळ येतात, तळवे वर होतात. ओंजळ होते. मी करत नाही. तो बसलेला असतो कुठेतरी, माझे हात पुढे करून, आणि ताट येत नाही. बॅनर हौसाने घडी घालून माळ्यावर ठेवलाय. तिला सांगितलं तर ती मला वेड्यात काढेल, आणि बरोबरच आहे तिचं.

गेल्या आठवड्यात शिवाचा फोन आला. आता फ्लॅट विकतो, केस गेलेत, चष्मा तोच असणार. त्याला 'मिडनाइट मॅडनेस रिटर्न्स' करायचंय. तेच लॉन. मी फोन आपटणार होतो.

हो म्हणालो.

आज दुपारी, हात चालत होते तोवर, बॅनर पूर्ण केला. पुढच्या रांगेत हरेश. त्याच्या शेजारी रंभा. हौसाने दिलेला तिचा फोटो कोणाच्यातरी लग्नातला आहे, पूर्ण उभा. डोक्यापासून पायापर्यंत कापला, पाच तास लागले. हात तिचेच आहेत, तीनदा तपासलं. हरेशचे हात दिसतील असा एकही फोटो हौसाला घरात सापडला नाही. त्याला माझेच ठेवले. राहू दे.

हे पाप आहे की काय, मला माहीत नाही. मागच्या वेळी मेलेल्या माणसाला मी गर्दी भरायला बोलावलं होतं आणि वर हसलो होतो. या वेळी हसू येत नाहीये, एवढंच सांगता येईल.

पावणेनऊ झाले. हात गेले. फाइल प्रिंटरला पाठवायचं बटण यूम्नाने दाबलं. मला विचारत होती, अब्बा, हीच का ती मावशी?

पार्टी पुढच्या शनिवारी आहे, साडेसात ते दहा. रंभा येईल की नाही, सांगता येत नाही. आली तरी रिकाम्या हाताने येईल. आता तिला चूल कुठली?

अल्फियाला सांगून ठेवलंय. पुढच्या शनिवारी जवळा कर, तांदळाच्या भाकऱ्या कर, स्टीलच्या डब्यात भर. तिने विचारलं, किती जणांचं करू.

दोघांचं, म्हणालो.